लिनक्सवर पणतीचं बारसं

१२ ऑक्टोबर २००७, शुक्रवार
आधी आली ती बयाबाई. मी चहाचं आधण ठेवलं की तिला पार तिकडं उचगावात वास लागतोय. मागनं बाळाबाई. बूड टेकायच्या आत विषय काढला, शांभवीच्या लेकीचं नाव काय ठेवलं? म्हटलं, नातीनं माझंच ठेवलंय, नीलम्मा. बयाबाई म्हणाली, चांगलं हाय की, आमच्या म्हशीचंबी तेच हाय.
बारसं हुबळीला झालं, गुडघ्यापायी मला जाता आलं न्हाय, म्हणून ह्या दोघींना शंका. शांभवीनं लहानपणी माझ्या मांडीवर बसून शब्द दिलाय. फोनवर काय मी विचारलं न्हाय. आपलंच नाव आपण काय विचारायचं? बारशाची सीडी येणार हाय. दसरा झाला की सोमवारी या, कॉम्प्युटरवर दाखवते, म्हणून सांगितलं.

१४ ऑक्टोबर, रविवार
भावाचा मुलगा अमरेश पुण्याहनं आला. कॉम्प्युटर बघून म्हणाला, आत्ती, हे विंडोज चोरीचं हाय, आत नुसता व्हायरस. माझ्या लेकानं, रुद्रेशनं, दुकानासाठी आणलं तवापासनं मी त्याच्यावर पत्ते खेळते, मला कधी सर्दीबी झाली न्हाय. पण अमरेशला पुण्याची हवा लागलीय. जेवायच्या आत सगळं पुसून लिनक्स घातलं. फुकट असतंय म्हणे. मग मी कशाला नको म्हणू?
ठरवलं: दसऱ्यानंतरच्या सोमवारच्या आत सगळं शिकायचं. विंडोज आलं, हे न यायला काय झालं.

१५ ऑक्टोबर, सोमवार
शिकले. खालचं बटण वर गेलंय, एवढाच फरक. सुरू करताना पासवर्ड मागतंय. आपल्याच घरात आपण कोण ते सांगायचं.
बयाबाईला सांगितलं, आमच्यात आता लिनक्स हाय. तिला फ्रिज वाटला. वाटू दिला.

१७ ऑक्टोबर, बुधवार
पत्ते सापडले. पण डाव इतक्या तऱ्हेचे की आपला कुठला ते कळंना. दुपारभर हरले. त्यांचं पिसणंच बरोबर न्हाय.
प्रिंटर बंद पडलाय. रुद्रेश बिलं हातानं लिहितोय आणि मधनंच माझ्याकडं बघतोय, जसं काय लिनक्स मीच पोटात घिऊन आले. अमरेशला फोन केला. म्हणाला, आत्ती, मॅन्युअल वाच. वाचायला लागू नये म्हणून तर चौथीतनं शाळा सोडली.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार
लोडशेडिंग. सराव न्हाय. तसा मला लागतोय कुठं.

२० ऑक्टोबर, शनिवार, खंडेनवमी
हुबळीहनं बसच्या ड्रायव्हरनं सीडी आणून दिली. आज अवजारं पुजायची. तागडी, मापं, विळी, शिलाई मशीन आणि आता कॉम्प्युटर. पारोशी वस्तू मी कधी पुजत न्हाय. चिंच आणि राख घिऊन बसले, मापं लखलखीत केली. सीडीच्या चकचकीत बाजूला बोटांचे डाग. नातजावयाच्या घरात स्वच्छता बेताचीच. म्हटलं, आपण करू. तीबी रगडून घासली, पाण्यानं धुतली, पुसून वर विभूतीची तीन बोटं ओढली. काय दिसत होती.
आज अवजारं चालवायची नसत्यात, म्हणून लावून बघितली न्हाय.

२१ ऑक्टोबर, रविवार, दसरा
सोनं द्यायला माणसांची रीघ. कॉम्प्युटरचा झेंडू काढला न्हाय. उद्या सीडी आत सारायची की झालं.

२२ ऑक्टोबर, सोमवार
आज बयाबाई चहाच्याबी आधी. बाळाबाईनं तर कळंब्याची विहीण सोबत आणली. सीडी घातली. कॉम्प्युटर घुं घुं करायला लागला, इंग्रजीत कायतरी लिहून गप्प झाला. म्हटलं, लिनक्स आधी विचार करतंय. चहा झाला, चिवडा झाला, त्याचा विचार संपंना.
अमरेशला फोन. म्हणाला, सीडीतलं चित्र उलगडायला त्याला कोडेक लागतंय, ते नेटवरनं घ्यायचं. नेट लागंना, कारण लिनक्स आपल्या मोडेमला वळखत न्हाय. चोरीच्या विंडोजला सगळी वळखायची, ह्या सज्जनाची गावात कुणाशी वळख न्हाय.
रुद्रेशनं शेजाऱ्यांच्या प्लेअरवर लावून बघितली. तिथंबी चालंना. म्हणजे लिनक्सनं सीडीच बिघडवली असणार. बयाबाईनं ती उलटी करून उजेडात धरली आणि म्हणाली, नीलम्मा, तवा घासल्यागत घासलीस की गं ही. बाळाबाई पदराआड हसली. विहीण उघड हसली. घासल्यानं कधी काय बिघडतंय?
शेवटी दुसरी सीडी मागायला हुबळीला फोन लावला. मला कमी ऐकू येतंय म्हणून आमच्या फोनचा स्पीकर चालूच असतोय. पलीकडं पोर रडत होती. शांभवी म्हणाली, थांब हं अज्जी. मग पोरीला म्हणाली, अन्विता, न्हाय रडायचं राजा.
बयाबाईनं बशी हळूच खाली ठेवली.
हाक मारायचं नाव असंल. पाळण्यातलं वेगळं असतंय.
भाऊबीजेला शांभवी पोरीला घिऊन येणार हाय. तवा शांभवीलाच विचारतो, म्हणून तिघी रविवारी, अकरा नोव्हेंबरला, परत येतो म्हणाल्यात.