डबल बेल

४ फेब्रुवारी

आली एकदाची! पांढरी, ढब्बी, आणि फाटकापेक्षा जेमतेम चार बोटं अरुंद. शेजारीण गॅलरीतून ओरडली, "अगं बाई, ॲम्ब्युलन्स कुणासाठी?" म्हटलं, "आमच्यासाठीच! पाच महिने हिच्यातच राहून परदेश हिंडणार!" तिचं तोंड उघडं ते उघडंच.

दोन एप्रिलला व्हॅन बोटीवर चढणार, मागोमाग आम्ही. ह्यांनी पस्तीस वर्षं बस चालवली, मी तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात कात्र्या-चिमटे मोजले. आता दोघंही रिकामे. व्हॅनमध्ये शेगडी आहे, पलंग आहे, बशीएवढं बेसिन आहे. हळूच ड्रायव्हरच्या सीटवर बसून पाहिलं. काय सुख! रस्ता आपल्याच बापाचा वाटतो.

हे खालून म्हणाले, "उतर. ती तुझी जागा नाही."

बघतेच.

५ फेब्रुवारी

पहिली फेरी. इंजिन सुरू झालं, घुरघुरत राहिलं, गाडी काही हलेना. हे सरळ समोर बघत बसलेले.

"काय झालं?"

"अगं, बेल दे ना!"

मागून कंडक्टरनं दोनदा घंटा दिल्याशिवाय ह्या माणसानं पस्तीस वर्षांत चाक हलवलं नाही. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे निघा. निवृत्तीला डेपोनं दिलेली पितळी घंटा आता व्हॅनमध्ये टांगलीय, दोरी पार मागच्या पलंगापर्यंत. म्हणजे परदेशात मी कंडक्टर!

म्हटलं, "अधूनमधून मी चालवीन की." तर एवढे हसले की ठसका लागला. पाणी मीच दिलं. द्यायला नको होतं.

८ फेब्रुवारी

ड्रायव्हिंग क्लासात नाव घातलं. वय वर्षं चौसष्ट! घरी सांगितलं, गुडघ्यांच्या व्यायामाला जाते.

शिकवणारी माझ्या लेकीहून लहान. मी तिला मास्तरीण म्हणते, ती सारखी "काकू, क्लच! काकू, क्लच!" करते. गाडी बेडकासारखी उड्या मारत कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे बंद पडली. मागच्यानं हॉर्न वाजवला तर मी खाली उतरून त्यालाच झापलं. मास्तरीण म्हणाली, "काकू, असं उतरायचं नसतं."

संध्याकाळी हे: "गुडघे काय म्हणतात?"

"कुरकुरतात, पण वळतात."

१७ फेब्रुवारी

आज मला पेट्रोल पंपावर टाकून निघून गेले!

झालं असं – मी ओला टॉवेल घंटेच्या दोरीवर वाळत टाकला. ("दोरीला काही अडकवायचं नाही" असं शंभरदा बजावलं होतं, कबूल.) मी गेले बाथरूमला. खिडकीतून वारा आला, टॉवेल हलला, टण टण! डबल बेल मिळाल्यावर हे कसले मागे बघतायत? निघाले.

नऊ किलोमीटर गेल्यावर कळलं. तोवर माझ्याशी बोलत होते म्हणे! "वाटलं, रुसलीयेस."

परत आले तेव्हा मी पंपावरच्या बाईबरोबर चहा पीत बसले होते. मी मुकाट्यानं व्हॅनमध्ये चढले. दोरीला टॉवेल कोणाचा होता, हा विषय निघायला नको होता ना!

२१ फेब्रुवारी

पस्तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, आणि आज डावा आरसा फाटकावर घासला. म्हणाले, "फाटक वाकलंय." ओळंबा लावून बघितलं. फाटक सरळ आहे.

१ मार्च

परीक्षेत नापास. रिव्हर्स घेताना खांब मध्ये आला. परीक्षक म्हणाला, "आजी, खांब तिथेच होता." आजी म्हणे! तो काय नातू लागतो माझा?

४ मार्च

बाथरूममधून रोज सकाळी पुटपुट ऐकू येते. ह्यांना हे देवाधर्माचं कधीपासून? आज दाराला कान लावला. "प... ग, ल... ठ, म, च... ड, य, न, र..."

कसलं हे स्तोत्र! पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच.

भाजी चिरता चिरता सुरी हातातच राहिली. डोळे तपासायचा तक्ता! हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमधून तीस वर्षं गेले-आले, रोज कुणी ना कुणी हेच म्हणत असायचं.

जेवताना मुद्दाम ह्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि जीभ काढून दाखवली. काही नाही. पुन्हा काढली, चांगली हनुवटीपर्यंत. हे आपले शांतपणे जेवतायत. मग मला एकदम रडूच आलं. "कांद्यानं," म्हटलं. पानात कांदा नव्हता.

५ मार्च

स्टेपनीच्या खाली फाईल सापडली. लपवायला ड्रायव्हरला दुसरी कुठली जागा सुचणार? डाव्या डोळ्याचा पडदा खराब. गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांनी लाल शाईत लिहिलंय – गाडी चालवू नये. तारीख वेड्यासारखी तीनदा वाचली. जानेवारीची. म्हणजे व्हॅन घेण्याआधीची!

परदेशी परवान्यासाठी डोळ्यांचा दाखला लागतो, पंधराला तपासणी दुसऱ्या दवाखान्यात. म्हणून पाठांतर.

६ मार्च

विचारलं तर "काही नाही" म्हणणार. मग फाईल आणखी खोल जाणार. आणि पास झाले तर? अनोळखी रस्ता, डाव्या बाजूनं कुणाचं पोर सायकलवर... मला भीती वाटते. ह्यांच्यासाठी, त्या पोरासाठी, आणि खरं सांगायचं तर सहल बुडेल याचीही. तीस वर्षांत एक चिमटा कुणाच्या पोटात राहू दिला नाही मी. हे कसं पोटात घालू?

९ मार्च

त्या दवाखान्यातली सिस्टर एके काळी माझ्या हाताखाली होती. तिला फोन केला. "पंधराला आमचे हे येतील. त्या दिवशी दुसरा तक्ता लाव."

"सिस्टर, तुम्ही सांगताय असं?"

"मीच सांगतेय."

फोन ठेवला. चहा केला, बेचव झाला.

१५ मार्च

सिस्टरचा फोन आला. उजवा डोळा झाकून ह्यांनी सगळा तक्ता एका दमात म्हटला. खणखणीत, एकही चूक नाही. फक्त तो तक्ता भिंतीवर नव्हता! डॉक्टर एकदा भिंतीकडे बघत होते, एकदा ह्यांच्याकडे. नंतर सगळ्यांनाच हसू आलं म्हणे. मलाही आलं असतं, नवरा दुसऱ्या कुणाचा असता तर.

हे आले, बूट न काढता खुर्चीत बसले. "नाही मिळाला दाखला."

"का हो?"

"तक्ता बदललाय त्यांनी."

एवढंच. मी आत जाऊन उगाचच भांडी घासली.

१६ मार्च

ह्यांनी आज घंटा उतरवून कपाटात ठेवली.

१९ मार्च

व्हॅन विकायची ठरवलीय. गिऱ्हाईक तेवीसला सकाळी दहाला येणार. लेक फोनवर म्हणाली, "बरंच झालं आई, या वयात कुठे ती वणवण!" मी फोन आपटला. नंतर पुन्हा लावून सॉरी म्हटलं, पण अर्धंच.

ह्यांना मी हरवलंय. त्यांना माहीत नाही, मला माहीत आहे. ह्यांच्यासमोर ताठ मानेनं बसवत नाही.

२२ मार्च

पास!! तोच परीक्षक, तोच खांब. खांबाला मी लांबूनच नमस्कार केला. छोट्या गाड्यांचा परवाना, आणि आमची व्हॅन त्यात बसते, मास्तरणीला दोनदा विचारून घेतलंय. परदेशी परवान्याचा अर्जही तिथेच भरला. ती म्हणाली, "काकू, परदेशातून पत्र टाका." रडली वेडी.

घरी येऊन परवाना ह्यांच्यासमोर ठेवला. ह्यांनी तो उजव्या डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत जवळ.

"हे गुडघे?"

"गुडघेच."

परवाना परत टेबलावर ठेवला. मग, "फोटो भयंकर आलाय." आणि उठताना, "गिऱ्हाईक उद्या दहाला येतंय."

म्हणजे नाहीच!

२३ मार्च

साडेनऊपासून ड्रायव्हरच्या सीटवर. इंजिन सुरू. हे आले. "उतर."

म्हटलं, "बेलशिवाय हलणार नाही. गाडीही नाही आणि मीही नाही."

उभे राहिले. घरात गेले. मग व्हॅनचं मागचं दार वाजलं, काहीतरी खुडबुड झाली. टण टण!

फाटकातून सुटले, दोन्ही आरसे शाबूत. कोपऱ्यावर गिऱ्हाईक हात हलवत होतं, मीही हलवला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर समोर बघत मोठ्यानं सांगून टाकलं, "तक्ता मी बदलायला लावला."

टण. एकच.

गाडी कडेला घेतली. आरशात बघायचा धीर होईना. सवयीनं मोजत बसले. एक्केचाळीसपर्यंत मोजलं.

टण टण.