अर्जात न मावलेली बाई

अण्णा, परवा एका कॉलेजातल्या पोरींनी मला बोलावलं होतं. एकीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला गोष्टी सुचतात कुठून?" मी निरीक्षण, वाचन, चिंतन असलं काहीबाही ठोकून दिलं. पोरींनी ते वहीत उतरवूनही घेतलं. माझी मलाच लाज वाटली. आपणहून मला आजवर एकही गोष्ट सुचलेली नाही. सगळं तुमच्या टेबलावरचं उचललेलं.

कचेरीसमोर लिंबाखाली तुमचं टेबल. पोलीस ॲक्शननंतर उर्दूतली अर्जनवीशी मराठीत आली आणि तुम्ही चाळिशीत पुन्हा अक्षर गिरवायला बसलात. माणूस तासभर बोलायचा, तुम्ही मान हलवत ऐकायचात आणि कागदावर चार ओळी उतरायच्या. उरलेलं घरी यायचं. "साहेबाला काय करायचंय त्याचं," असं म्हणत तेच तुम्ही जेवताना आईला लई रंगवून सांगायचात. मी चुलीपुढं भाकरी थापत ऐकायचे.

पाचोडची ती मेंढपाळ बाई दरवर्षी यायची. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत तिचा नवरा मेंढरं घेऊन गेला तो परतलाच नाही. अर्ज एवढाच, की पत्ता लागावा. घरी तुम्ही पुढचं सांगितलंत. जाताना त्यानं फाटक्या कानाची एक मेंढी मागं ठेवली आणि हिला विकू नको म्हणाला. त्या मेंढीनं मला झपाटलं. मी बावीस वर्षांची, नुकती शाळेत शिकवायला लागलेली. दोन दिवसांत गोष्ट लिहिली आणि शेवटी नवऱ्याला घरी आणलं. दारात उभा राहून तो मेंढीचा कान चाचपतो. काय आवडला होता मला तो शेवट. गोष्ट दिवाळी अंकात आली आणि पाचोडच्या कुणा मास्तरानं ती बाजाराच्या दिवशी मोठ्यानं वाचून दाखवली.

आठ दिवसांनी मी तुमचा डबा घेऊन आले, तर ती टेबलापुढं उभी. नवं लुगडं नेसलेली.

"आमचे मालक आले म्हनं. कागदात छापलंय. कुठं उतरलेत तेवढं सांगा, मी न्यायला आले."

"कोण म्हणालं?"

"फाटक्या कानाचं तुमच्याबिगर कुनालाच ठावं नाय, अण्णा."

तुमच्या टेबलावरून कागदावर गेलं ते खरं, एवढंच ती जाणत होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. चौकशी करतो म्हणून तिला लावून दिलंत. घरी आल्यावर मला म्हणालात, "ती माझ्याकडं अर्ज लिहायला आली होती. तिच्या जिवाशी खेळायला तुला कुणी सांगितलं? आता पाचोडला जा आणि तुझ्या तोंडानं सांग, मी खोटं लिहिलं म्हणून." त्या दिवसापासून जेवताना तुम्ही टेबलावरचं सांगणं टाकलंत; आधी ऐकलेलं तेवढंच मला आजवर पुरलं.

मी गेले. संध्याकाळच्या मोटारीनं परत आले आणि तुम्हाला म्हणाले, "सांगितलं." तुम्ही "बरं" म्हणालात. पुढच्या वर्षी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाईनं मनाची समजूत घातली, असं तुम्ही आईला म्हणालात.

कोऱ्या कागदापुढं बसले की ती अजून येते. भर दुपारी, नव्या लुगड्यात. कुठं उतरलेत विचारते. चाळीस वर्षं मी एकाही गोष्टीत गेलेला माणूस परत आणलेला नाही, आणि लोक त्याला माझी शैली म्हणतात. मला तिची भीती वाटते, अण्णा.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. त्या दिवशी तिचं अंगण सारवलेलं होतं. तिनं मला पाट दिला, गुळाचा चहा दिला आणि विचारलं, "कवा येतेत?" मी गोष्टीचं सांगितलंच नाही. म्हणाले, "येतील. तुम्ही घर सोडून कुठं जाऊ नका."