कुणाच्या लुगड्याची

आई,

काल बाहुल्यांचं कपाट उघडलं आणि सगळ्या खाली काढून ओसरीवर उन्हात मांडल्या. पावसाळा संपला की हे करावंच लागतं. आपल्या मावळात चार महिने कापडाला बुरशी धरते, हे तुला सांगायला नको. शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक बाई नेमक्या तेव्हाच आल्या. चिंध्यांच्या, लाकडाच्या, विलायती, जपानी अशा सगळ्या बाहुल्या एका पंगतीत बसलेल्या बघून त्या म्हणाल्या, "यांचा एकमेकींशी संबंध काय? काहीतरी एकच धरून जमवायचं असतं हो." मी हसले. म्हटलं, मी एकच धरून सुरुवात केली, म्हणून तर बाकीच्या मला दिसल्या. त्यांना ते पटलं नाही. चहा पिऊन जाता जाता त्यांनी विचारलं, "यातली तुमच्या आईची कोणती?" मी इकडचं तिकडचं बोलले, पण खरं उत्तर असं आहे की तुझी यात एकही नाही. आपल्या वाडीतल्या बहुतेक बायका माझ्या कपाटात आहेत आणि तूच नाहीस. म्हणून हे लिहायला बसले आहे.

धरणात शेतं गेली, वाडी गेली, तेव्हा मी लहान होते. वलवणच्या वरच्या अंगाला आपलं घर होतं, एवढं आठवतं. ओढ्याकाठचा धुण्याचा दगड आठवतो आणि त्यावर आपटल्या जाणाऱ्या लुगड्यांचा आवाजही आठवतो. मग माणसं पांगली. कुणी नातलगांकडे वराळ्याला गेलं, कुणी घाटाखाली उतरलं, आणि आपण तीन-चार घरं लोणावळ्यात, स्टेशनच्या मागच्या खोल्यांत आलो. तू पारशी शेठाणीच्या बंगल्यावर भांडी घासायला आणि मसाला वाटायला जायला लागलीस. त्या पहिल्याच पावसाळ्यात तू मला आजीच्या फाटक्या चंद्रकळेची बाहुली करून दिलीस. पोटात भाताचं तूस भरलंस, डोळे काजळाचे काढलेस. दाबली की ती आतून कुरकुरायची. मी तिला आजीच म्हणायचे. आजी वाडी सुटायच्या आदल्या वर्षी गेलेली, पण माझ्यासाठी ती रोज संध्याकाळी परत यायची.

मग मला छंदच लागला. आता आठवलं की हसू येतं, पण किती धीट होते मी! वाडीतली कुठलीही बाई भेटली की मी तिच्या पदराला हात लावून म्हणायचे, "जुन्या लुगड्याची चिंधी दे ना." बायका द्यायच्या. हिरवी, डाळिंबी, विटकी काळी, नाहीतर नुसता एखादा काठ. मी त्यांच्या बाहुल्या शिवायचे, आणि ज्या बाईची चिंधी त्या बाईचंच नाव बाहुलीला. कुणाची मान जरा वाकडी, कुणाचं पोट सुटलेलं, तेही मी तूस कमी-जास्त करून साधायचे. जमवत गेले तशी नजर तयार झाली. रस्त्यानं जाणाऱ्या बाईचं तोंड बघायच्या आधी मी तिच्या लुगड्याचा काठ बघायला लागले.

आणि मग ती काकू दारात आली. आपल्या शेजारच्या खोलीतली, वाडीतलीच, माझ्यावर माया करणारी. तिचा धाकटा तापानं फणफणला होता आणि कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. तिच्यामागं आणखी दोघीजणी होत्या. मी आत भिंतीला चिकटून उभी आहे, आणि काकू उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलते आहे.

"वैनी, माज्या लुगड्याची चिंधी तुज्या पोरीकडं हाय. बाहुली केलीया तिनं. आंगावरच्या कापडाची बाहुली कोन करतं, ठावं हाय ना तुला?"

करणी हा शब्द ती बोलली नाही, पण तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला. वाडीत असले शब्द घर बसवत नाहीत, घर उठवतात. आपल्याला तर आधीच एकदा उठवलेलं होतं.

तू भांडशील असं मला वाटलं. तुझी जीभ काही कमी नव्हती! पण तू सूप घेतलंस, माझी बाहुल्यांची पेटी त्यात उपडी केलीस, आणि ते सूप भर उन्हात उंबऱ्यावर आणून ठेवलंस.

"ह्या घ्या. ज्याची त्यानं उचला. दाबून बगा, उसवून बगा. येक जरी सुई घावली तरी आमी उद्या हितनं निघून जातो."

तिघी खाली बसल्या. भीत भीत एकीनं एक बाहुली उचलली, दाबली, तूस कुरकुरलं. दुसरीनं दुसरी उचलली. आणि थोड्या वेळानं काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सुई शोधायला आलेल्या बायका सुई विसरल्या. "आगं, हा काठ बग, ही तर वरच्या आळीची म्हातारी!" "व्हय की, हेच लुगडं नेसून ती समद्यांशी भांडायची." "धुन्याच्या दगडावर पयला नंबर हिचाच. कुटं आसंल गं तो दगड आता?" "पान्याखाली. कुटं जातोय!" काकूच्या हाती तिच्या मेलेल्या सासूची बाहुली लागली. त्या सासूनं हिला आयुष्यभर सळो की पळो केलेलं. काकूनं ती उलटीपालटी केली, तिच्या पदराची निघालेली दशी आत खोचली, आणि परत सुपात ठेवली. म्हणाली, "ही ऱ्हाऊ दे हितंच. समद्या संगं हायेत." स्वतःची मात्र ती घेऊन गेली. पोराचा ताप दवाखान्यातल्या कडू औषधानं उतरला, पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. बाहुली घरी नेली म्हणून पोर वाचलं, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली.

त्या गेल्यावर तू मला एक सणसणीत ठेवून दिलीस. गाल हुळहुळतो आहे, डोळ्यांत पाणी आहे, आणि तू माझ्यासमोर उकिडवी बसून सांगते आहेस, "कुणी दिलं तर घ्यायचं. मागायचं न्हाई. आंगावरचं कापड म्हंजे आंगच आसतंय बाईचं. कळलं का?" मला त्या वेळी कळलं नव्हतं. पण त्यानंतर मी कुणाकडे चिंधी मागितली नाही, हे तुलाही माहीत आहे.

पुढच्या चैत्रात एकवीरेच्या जत्रेतून तू माझ्यासाठी ठकी आणलीस. लाकडाची, लाल-हिरवी रंगवलेली, पाठीनं सपाट, हात अंगालाच चिकटलेले. माझ्या हातात देऊन तू मोठ्या समाधानानं म्हणालीस, "घे. हिला कुणाचं लुगडं लागत न्हाई." तुला वाटलं, आता चिंध्या सुटतील, शेजारपाजार शांत राहील. आई, किती चुकलीस तू! मी ठकी उलटी केली, जिथं रंग पोचला नव्हता तिथं नाक लावलं आणि विचारलं, "हे झाड कुठलं?" तू कपाळावर हात मारलास. "पांगाऱ्याचं आसंल न्हाईतर आनी कशाचं. तुला काय करायचंय? तुजं आपलं कुनाचं न् कशाचं!" जित्याची खोड ती, कशी जाणार? मला ती ठकी आवडली तीच मुळी या प्रश्नामुळं. नुसती रंगीत बाहुली म्हणून मी तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. चिंध्यांनी मला एक गोष्ट शिकवली होती, की बाहुली आधी कुणाची तरी असते आणि मग बाहुली होते. ते एकदा शिकल्यावर मी लाकडालाही सोडलं नाही.

बंगल्यावरची ती विलायती बाहुली आठवते, पुढं शेठाणीनं मलाच देऊन टाकलेली? काचेच्या कपाटात बसलेली, आडवी केली की डोळे मिटणारी. शेठाणीची नातवंडं उन्हाळ्यात मुंबईहून आली की त्या डोळ्यांसाठी भांडायची. एकदा शेठाणीनं मला बोलावलं आणि "हात धुऊन ये" म्हणून ती माझ्या मांडीवर ठेवली. मी डोळ्यांकडे बघितलंही नाही. मी तिच्या केसांना हात लावला, आणि ते खरे होते. माणसाचे. मी विचारलं, "हे केस कुणाचे?" शेठाणी आधी चमकली, मग म्हणाली, "तिकडे विलायतेत गरीब बायका विकते ना, त्यातल्याच कुणाचे तरी." तू दाराशी वाटलेला मसाला घेऊन उभी होतीस. परत येताना रस्त्यात तू माझ्यापुढं भराभर चालत होतीस. आता बोलणी बसणार, असं धरून मी चालते आहे. आणि बाजाराच्या वळणावर तू एकदम थांबून म्हणालीस, "केस वाढस्तवर डोई झाकून फिरली आसंल गं ती. थंडी आसती म्हनं तिकडं."

त्या दिवशी मी जिंकले, आई. तूही विचारायला लागली होतीस. खरं म्हणजे तू आधीपासूनच विचारत होतीस, ते मला पुढं उमगलं. गौरीला बाजारात तेरड्याच्या जुड्या ढिगानं मिळायच्या, तरी तू भर चिखलात वलवणकडे चालत जायचीस आणि पाण्याच्या वर उरलेल्या आपल्या बांधाच्या टोकाचाच तेरडा उपटून आणायचीस. दुसऱ्याच्या बांधावरची गौर तुला चालत नव्हती. मग मला कशाला नावं ठेवायचीस?

सगळ्यात जास्त त्रास जपानी बाहुलीनं दिला. स्टेशनवर पेटीवाला सेल्युलॉइडच्या, पोकळ, गुलाबी बाहुल्या विकायचा. सगळ्या एका साच्याच्या. मला त्यांचा राग यायचा. कापड नाही, लाकूड नाही, केस रंगवलेले. ही कुणाचीच नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचे. लग्न होऊन तळेगावला आल्यावर माझ्या मुलीला कुणीतरी तसली एक दिली. ती पालथी करून बघताना कुशीवरचा सांधा दिसला. मग तोंड निरखलं, तर डावी भुवई उजवीपेक्षा वर गेलेली. कुणाचा तरी हात हलला होता. दिवसभर भुवया काढून काढून कुणीतरी मुलगी दमली होती, किंवा शेजारणीशी बोलत होती, किंवा हसली होती. मी ती बाहुली मुलीकडून मागून घेतली आणि आजीच्या शेजारी बसवली. चिंध्यांशी इतकी वर्षं काढली नसती तर ती भुवई मला जन्मात दिसली नसती. पहिल्या बाहुलीनं माणसाला प्रश्न दिला पाहिजे. मग पुढच्या येतातच.

तू गेलीस तेव्हा मी दुसऱ्या वेळची बाळंतीण होते. मला आणलं तेव्हा घर सारवून झालं होतं आणि रीतीप्रमाणे तुझी लुगडी कुणाकुणाला देऊन टाकली होती. दोरीवर काहीच नव्हतं. मी कुणावर रागावले नाही, कारण रीत म्हणजे रीत. पण त्याआधीची एवढी वर्षं तू माझ्याजवळ होतीस. तुझी लुगडी फाटत होती. त्यांच्या वाकळी झाल्या, पोतेरी झाली, माझ्या लेकीची दुपटी झाली. एक वीतभर तुकडा तू कधी माझ्या हातावर ठेवला नाहीस, आणि मागायचं नाही असं तूच सांगून ठेवलेलं. पुष्कळ दिवस मला वाटायचं, ती काकू दारात आल्यापासून तुझ्याही मनात थोडी भीती बसली. आणखी काही दिवस वाटलं, तुझ्या ते ध्यानातच आलं नाही. दोन्ही खोटं आहे, असं आता मी खात्रीनं म्हणते. का ते सांगते.

माझी मुलगी पुढच्या आठवड्यात पुण्याला जाते आहे, ट्रेनिंग कॉलेजात, बोर्डिंगात राहायला. तिला बाहुल्यांचं काडीचं वेड नाही. ती माझ्यापेक्षा व्यवहारी आहे आणि मला ते आवडतं. काल सगळ्या बाहुल्या परत कपाटात लावताना ती मदतीला बसली. एकेकीकडे बघून झाल्यावर ती म्हणाली, "आई, तुझ्या त्या हिरव्या लुगड्याचा तुकडा दे की मला. तिकडे नेईन. शिवता येईल तशी शिवेन." तिनं मागितलं. माझ्यासारखं तिला कुणी कधी अडवलेलं नाही.

ते हिरवं लुगडं इतकं विरलं आहे की धुताना हातात येतं. आज ना उद्या मी त्याची पोतेरी करणारच आहे. कातरी समोर पडलेली होती. आणि माझा हात पुढं होईना, आई. माझ्या कपाटात कोण कोण आहे ते मला एकदम लख्ख दिसलं. मेलेली आजी, पाण्याखाली गेलेल्या वाडीतल्या बायका, कधीच न दिसलेली केसवाली. ज्या परत भेटणार नाहीत त्याच माझ्याकडे बाहुल्या होऊन राहिल्या. जी सकाळी चुलीशी असते तिची कुणी करत नाही. तू रोज स्वतःच माझ्याजवळ होतीस, म्हणून चिंधी दिली नाहीस. मला तुझा अभिमान वाटला. करणी-बिरणी काही मानत नाही म्हणून मी गावभर मिरवते. आणि तुकडा दिला तर मुलीचं माझ्यावाचून भागेल, याला मी घाबरले.

मी तिला सांगितलं, लढाईमुळं कापड रेशनवर आहे, एवढ्यात लुगडं फाडता येणार नाही. ती बरं म्हणाली आणि तिचं सामान बांधायला गेली. चिंध्या रेशनवर नसतात, हे तिलाही कळतं.