दशम्या आणि लंडनची चित्रं

३ मार्च, मंगळवार
ठरलं! मी लंडनला जातोय!! ज्या काका-काकूंकडे मी पाच वर्षं स्वयंपाक करतोय, ते काका जेवताना म्हणाले, "सुन्या, मेमध्ये आम्ही चार जोडपी ब्रिटनला निघालोय. चार दिवस लंडन, दोन एडिंबरा. चित्रं, म्युझियम, नाटकं, बास. येतोस स्वयंपाकाला?" हातातली पोळी तव्याबाहेर पडली. सगळे रिटायर्ड डॉक्टर न् त्यांच्या बायका. बाहेरचं एक वेळ खातात, दुसऱ्या वेळी पोट बिघडतं. म्हणून घरचा आचारी बरोबर. म्हणजे मी.

५ मार्च
काकांनी आयपॅडवर एक चित्र दाखवलं. तिथल्या म्युझियममधलं. ओला रस्ता, त्यात दिव्याचा पिवळा उजेड. ओला म्हणजे हात लावला तर बोट भिजेल असा. मी मिरजेत सहा वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ब्रशपायी नववीत शाळा सोडली. मग फ्लेक्स आलं आणि हातात पोळपाट आला. पण पाणी असं रंगवतात? जवळून बघायचंय. "फार जवळ गेलास तर शिपाई ओरडेल," काका. ओरडू दे की.

९ मार्च
व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले. बाईने दोनदा घेतले. लाटून लाटून रेघाच गेल्यात म्हणे.

२७ मार्च
व्हिसा आला! पासपोर्ट उशीखाली.

२९ मार्च, रविवार
मंडळी आपल्याकडे जमली. आमच्या काकूंची मैत्रीण म्हणून मान साठेकाकूंना, त्यांनी वेळापत्रक वाचलं. दहाला म्युझियम. साडेबाराला भाड्याच्या फ्लॅटवर परत, गरम जेवण. मग वामकुक्षी. चारला चहा. पाचला म्युझियम बंद. आणि सगळे माना डोलवतायत! समुद्र ओलांडून जायचं न् रोज दोन तास चित्रं. त्या दोन तासांत मी कुकर लावणार. मला लंडनमध्ये दिसणार काय, तर शेगडी.

३१ मार्च
सुचलं! दशम्या! दुधात मळायच्या, पाण्याचा थेंब नाही. शेंगदाण्याची चटणी, गूळ-तूप. सकाळी डबे बांधायचे, दुपारी बाकावर बसून खायचे, संध्याकाळी एकदम गरम आमटी-भात. दिवसभर सगळे मोकळे. मीसुद्धा.

४ एप्रिल, शनिवार
सगळ्यांना खायला घातल्या. फस्त! काका ओरडलेच, "अरे, म्हणजे दुपारी परत यायलाच नको!" मी मनात नाचतोय. तेवढ्यात साठेकाकू: "टिकतात ना या? मग इथूनच बांधून नेऊ. रात्री सूप-ब्रेड चालेल. आचारी कशाला?"
सगळे हसले. मीपण हसलो, येड्यासारखा.
मंडळी गेल्यावर आमच्या काकूंनी विचारलं, "सुनील, किती दिवस टिकतील रे?"
म्हटलं, ठेवून बघतो, सांगतो.

६ एप्रिल
काल सहा दशम्या केल्या, फडक्यात बांधून ठेवल्यात. रोज एक मोडतो. आज अजून मऊ. यार, एवढ्या चांगल्या कशाला केल्या मी?

८ एप्रिल
मऊच. वासही छान. आईला फोन केला तर ती खूश, "माझ्याच हाताचं वळण आलंय तुला." तिला काय सांगू.

१० एप्रिल, शुक्रवार
सहावा दिवस. शेवटची मोडली. किंचित वातड, पण चांगली. आमच्या काकू समोरच बसलेल्या. "काय रे?" तीन दिवस म्हणायचं अगदी ओठावर आलेलं.
"सहा दिवस टिकतात, काकू."
"शाब्बास," म्हणाल्या आणि चष्मा लावून प्रवासाच्या यादीत काहीतरी खोडायला लागल्या. मग मला राहवलं नाही. "काकू, मला ती चित्रं बघायचीत. तिकीट माझं मी काढतो. कोपऱ्यात कुठंही झोपेन. दशम्या तर करतोच."
पेन थांबलं. "चित्रं? तुला?"
मग मिरज, पाट्या, तो ओला रस्ता, सगळंच बोलून टाकलं. पाच वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. काकूंनी ऐकून घेतलं. "ह्यांना येऊ दे भाजी घेऊन. त्यांच्यासमोर बोल, असंच, सगळं."
खोडलेली ओळ कुठली ते वाकून बघायचा धीर झाला नाही.
हात धुतले. शर्ट बदलला, कशाला काय माहीत. आता काकांची गाडी आली, गॅरेजचं दार वर जातंय...