बाबांचं घोरणं

प्रिय दादा,

"आमची धाकटी स्वतःच्याच आजारावर संशोधन करते," असं तू सगळ्यांना सांगत फिरतोस. मग कालची गंमत ऐक. खूप हसले की माझ्या पायांतलं बळच जातं; ते का, हे अजून कुणालाच धड कळलेलं नाही. त्या क्षणी मेंदूत काय होतं ते टिपायला काल मीच डोक्याला वायरी लावून प्रयोगशाळेत गादीवर उभी राहिले. सहकाऱ्यांनी विनोद सांगून सांगून घसा कोरडा केला. मी आपली ढिम्म!

मग मला तुझी नक्कल आठवली, बाबांच्या घोरण्याची. तिच्यापायी मी जिन्यात कोसळले, दात तुटला, आणि त्या दिवसापासून तू माझ्यासमोर एकही विनोद केला नाहीस. वीस वर्षं, दादा!

ते घोरणं आठवलं मात्र, मी धपकन खाली. आलेख इतका सुरेख आला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचून तू नुसतं "बरं" म्हणशील. त्यापेक्षा रविवारी मीच येते. दात केव्हाच बसवलाय, गादी सोबत आणते. तू फक्त बाबांसारखा घोर.

तुझी,
धाकटी