एकतीस नाताळ आणि तीन गावं

बाम्बर्ग, ४ डिसेंबर १९९७

चि. एल्के हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. एकतीस वर्षं आन्नाबेर्गच्या नाताळबाजारात लाकडी बाहुले विकले, त्यामुळे दुसऱ्या गावचा नाताळ कधी पाहिलाच नाही. डिसेंबर आला की आम्ही दोघं नवरा-बायको आपले दुकानाच्या फळीमागे. लोथार म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की जाऊ. फेब्रुवारीत तोच गेला. म्हणून दुकान तुझ्या गळ्यात टाकून एकटीच निघाले.

गाव देखणं आहे, पण पाय ठरत नाहीत. एका दुकानात अक्रोड फोडणारे लाकडी शिपाई गिऱ्हाइकाकडे पाठ करून मांडलेले. राहवेना, सगळे फिरवून ठेवले. दुकानदार बाईंनी चोर समजून हटकलं. उद्याच रोथेनबुर्गला निघते.

राग धरलास तर थोडाच धर.

तुझी ताई,
रोझविथा

आन्नाबेर्ग, ८ डिसेंबर

ती. रोझविथाताईस एल्केचा सा. न. वि. वि.

राग धरायला हात रिकामे हवेत ना! सकाळी दहापासून उभी असते. गिऱ्हाइकं तुलाच विचारतात. मी सांगते, बाईसाहेब हवा खायला गेल्यात. आणि तू तिकडे परक्यांची दुकानं आवरत लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस.

आता कामाचं. तेवीस तारखेला बाजार उठतो. त्याच्या आत पुढच्या वर्षीसाठी नगरपालिकेला नाव द्यायचंय, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. मला एकटीला हे झेपणार नाही, आणि तुझ्याशिवाय करायचंही नाही. येणार की नाही, एवढं लिही.

जेवण वेळेवर घे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
एल्के

कोल्मार, १४ डिसेंबर

चि. एल्केस आशीर्वाद.

रोथेनबुर्गला तीन रात्री राहणार होते, एकीतच कंटाळले. तुझं पत्र तिथल्या हॉटेलवाल्याने मागून इकडे धाडलं. इथली घरं रंगीत, कालव्याकाठी गाणी, माणसं खूश. मी आपली सकाळपासून तिसऱ्यांदा तोच चौक फिरतेय.

खरं सांगू? मी गावं बघतच नाही. प्रत्येक दुकानात फळीमागचा माणूस बघते. कुणी लोथारसारखा कानाला पेन्सिल लावलेला दिसला की मी पुढच्या गावाचं तिकीट काढते. तिथे परत येऊन त्याच्या रिकाम्या जागेशेजारी बसायचं मला जमणार नाही. नाव देऊ नकोस. जागा जाऊ दे. उद्या स्ट्रासबुर्गला जायचं म्हणतेय, पण तुझी पत्रं इथेच पाठव, आठवडाभराची खोली घेतलीय.

मला भित्री म्हण, पण आपली म्हण.

ताई

आन्नाबेर्ग, १७ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून खूप रडले. मग संतापले. मग एक गोष्ट घडली, तेवढी सांगते.

काल एक म्हातारे गृहस्थ कुरकुरले की तुमच्याकडे माल नीट दिसत नाही. मी स्वतः बघायला फळीसमोर गेले. खरंच, बाहुले अर्धे अंधारात, आणि दिव्याचा सगळा उजेड तुझ्या रिकाम्या स्टुलावर. वीजमिस्त्रीला बोलावून झापलं. तो म्हणाला, मी दरवर्षी दिवा मालावर वळवायचो आणि लोथारसाहेब पुन्हा त्या स्टुलावर वळवायचे. शेवटी तो तिथेच राहायचा, म्हणून यंदा मीच तसा लावला. भावोजी त्याला सांगायचे म्हणे की बाहुले काय, अंधारातही खपतात, समोरून माझी बायको दिसली पाहिजे.

फळीमागे बसून तुला हे कधी कळणार होतं? मी दिवा हलवलेला नाही. हलवायचा असेल तर स्वतः येऊन सांग.

वाट बघतेय.

एल्के

कोल्मार, २० डिसेंबर

चि. एल्के,

हे तातडीच्या टपालाने धाडतेय. स्ट्रासबुर्गला गेले नाही. बावीसच्या दुपारच्या गाडीने येते. आधी समोर गिऱ्हाइकासारखी उभी राहीन, रडून घेईन, मग आत येईन. मला हाक मारू नकोस.

नाव दोघींचं दे.

ताई