नववीच्या वर्गात माझं नाक

चि. चिमणीस,

मामाचे भरभरून आशीर्वाद. तुझा घसा कसा आहे? (चाळीस पोरांपुढे रोज ओरडणाऱ्या मास्तरणीला आधी हेच विचारावं.) मी ठणठणीत आहे असं लिहायची सवय आहे, पण तुझ्या वर्गात येऊन गेल्यापासून ते लिहिताना हात अडखळतो.

तू बोलावलंस तेव्हा मी दोन दिवस हवेत होतो. फर्निचरला पॉलिश करणाऱ्याला शाळेत भाषणाला कोण बोलावतं! विषय होता कामाच्या जागची हवा आणि तब्येत. मी सुरुवातच अशी केली की पस्तीस वर्षं थिनर-वॉर्निशच्या वासात काढली, मला काही झालं नाही. वर फुशारकी मारली की डोळे मिटून नुसत्या वासावरून डबा ओळखतो. मध्ये तीनदा खोकलो, ते खडूच्या धुळीवर ढकललं. (फळा तेव्हा कोराच होता.) मग तुझ्या त्या दोन वेण्यांवालीने खिडक्या सताड उघडल्या आणि कापसाचे तीन बोळे पुढे केले: थिनर, व्हिनेगर आणि साधं पाणी. पहिला हुंगून मी ठणकावून सांगितलं, थिनर. ते पाणी होतं. खऱ्या थिनरला मी पाणी म्हणालो, तेव्हा पुढच्या बाकावरची पोरं नाकाला रुमाल लावून बसली होती. वाटलं, आता वर्ग खो खो हसणार. एकही हसलं नाही, चिमणे. त्यानेच मी जास्त घाबरलो.

आता उपदेशाचे डोस मिळणार म्हणून मी मान खाली घातली, तर पोरं प्रश्न विचारायला लागली. वर्कशॉपची खिडकी बंद का ठेवता? (ओल्या पॉलिशवर धूळ बसते म्हणून.) मग खिडकीला ओलं फडकं बांधलं तर? पंखा बाहेरच्या बाजूला लावला तर? शेवटी कागदावर सगळं मांडून दिलं: धोका काय, करता काय येईल, मास्क कुठला, डॉक्टरला कधी दाखवायचं. आणि खाली ओळ, ‘निर्णय तुमचा.’ त्या ओळीचा मला बसस्टॉपपर्यंत राग आला होता. मग आठवलं, पॉलिशचा बोळा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी त्यांच्याच वयाचा होतो. डब्यात काय आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, निर्णय विचारणं तर लांबच. तुझ्या पोरांना ते आजच कळतंय. तुझे आणि त्यांचे आभार कसे मानू, मला खरंच कळत नाही. फडकं बांधलंय, पंखा फिरवलाय, मास्क आणून खिळ्याला लावलाय. डॉक्टरचं तेवढं बघू.

तुझा,
मामा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. दोन वर्षं मी तुझ्या मामीला रोज ऐकवतोय की तुझ्या हाताची चव गेली. चहापत्ती तीनदा बदलायला लावली, किराणावाल्याशी भांडलो ते वेगळंच. दोष माझ्या नाकाचा होता हे तिला तू सांग. तुझं ती ऐकते, माझी हिंमत नाही.

ता. क. २ पाकीट चिकटवायच्या आत मामीने पत्र वाचलं. मग खिळ्यावरचा मास्क काढून माझ्या हातात दिला आणि उद्या अकरा वाजता डॉक्टरकडे जायचंय, एवढंच म्हणाली. निर्णय तुमचा, असं काही म्हणाली नाही.